नसीमचा वाटा

यादीत पहिलं नाव नसीम मुजावरचं होतं. सुनेत्रा हुक्केरीला आधी वाटलं, यादी उलटी लागली आहे. तिनं पडद्याच्या तळाशी पाहिलं. तिथं वर्षभरात दोन शब्दांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या जळगावच्या कुणा गृहस्थाचं नाव होतं. म्हणजे यादी सुलटच होती. पहिली नसीम, सात पूर्णांक आठ टक्के. दुसरी सुनेत्रा, पाच पूर्णांक एक.

इचलकरंजीच्या त्या सभागृहात दीडेकशे माणसं बसली होती आणि तेवढीच मालेगाव, भिवंडी, सोलापूरहून पडद्यावर आली होती. टाळ्या सुरू झाल्या. समितीचे अध्यक्ष चौगुले सर, निवृत्त गणितशिक्षक, स्वतः उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या रांगेतली नसीम मात्र गोंधळून उठली.

"सर, काय तरी चुकलंय बघा. मी कुठं एवढं काम करतो?" इकडच्या बायका बोलतात तसं ती 'करतो, जातो' असंच बोलायची. "सुनेत्राताई, तू तरी बघ की जरा."

सगळ्या माना सुनेत्राकडे वळल्या.

"यंत्र बरोबर आहे," सुनेत्रा हसून म्हणाली. तिला तसं म्हणणं भागच होतं. यंत्र तिनंच बनवलं होतं.

हे २०३९ सालच्या मार्चमधलं. त्याआधी आठ वर्षं 'गोफ' हे नाणं जन्मलं होतं. यंत्रमागाच्या धंद्यात सूत आज येतं, कापड पंधरवड्यानं जातं आणि पैसा तीन महिन्यांनी उगवतो. मधल्या काळात माग चालवणाऱ्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे एकमेकांच्या शब्दावर तगून असतात. गोफनं त्या शब्दालाच नाणं केलं. त्याची वही कुठल्याही पेढीच्या कपाटात नव्हती. ती हजारो फोनांमध्ये एकाच वेळी लिहिली जायची, त्यामुळे एकट्यादुकट्याला तिच्यात खाडाखोड करता येत नसे. गोफला मालक नव्हता. चार हजार लोकांनी सुरुवातीला वर्गणी काढून ते उभं केलं, आणि पुढे प्रत्येक व्यवहारातून एक कणभर हिस्सा सामाईक निधीत पडू लागला. त्या निधीतून दर तिमाहीला, गोफसाठी राबणाऱ्यांना मोबदला मिळायचा. असे राबणारे गावोगावी मिळून तीनशे बारा होते.

पण कोण किती राबलं, हे ठरवायचं कसं? आधी संगणक-आज्ञांच्या ओळी मोजल्या. लोक एका ओळीच्या जागी दहा लिहू लागले. मग तास मोजले. लोक नुसतेच बसू लागले. मग मतदान आलं, आणि ज्याचा घसा मोठा त्याचा वाटा मोठा असं झालं. पाचव्या वर्षीच्या सभेत दोन सख्ख्या साडूंनी एकमेकांवर खुर्च्या उगारल्या, तेव्हा सुनेत्रानं ठरवलं की माणसांनी माणसं मोजायची नाहीत. दोन वर्षं खपून तिनं यंत्र केलं. त्याचं नाव 'वजावट'.

चार हमालांनी मिळून सुताचा बीम, म्हणजे धागा गुंडाळलेला जड रूळ, उचलला, तर कुणी किती उचलला? थेट सांगता येत नाही. पण एकेकाला बाजूला करून बाकीच्यांना उचलायला लावलं, की कोण गेल्यावर बीम किती झुकतो ते दिसतं. वजावट हेच करायचं. आठ वर्षांतला गोफचा प्रत्येक निरोप, प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक व्यवहार नोंदलेला होता. त्यावरून यंत्रानं तीनशे बारा जणांच्या प्रतिकृती तयार केल्या होत्या: हा माणूस कसा काम करतो, कशानं उभारी धरतो, कशानं थकतो, किती अपमान सोसतो. मग यंत्र त्यातून एकाला वजा करायचं आणि पहिल्या दिवसापासून गोफची आठ वर्षं पुन्हा चालवून पाहायचं. एकदा नव्हे, वीस हजार वेळा. कारण दैव दर वेळी थोडं वेगळं पडतं. कोण आधी आलं आणि कोण नंतर, याचा फायदा-तोटा होऊ नये म्हणून येण्याचा क्रमही दर वेळी पिसला जायचा. त्या माणसावाचून गोफ सरासरी जेवढं खुंटलं, तेवढा त्याचा वाटा.

सुनेत्रानं हे न्यायासाठी केलं होतं, हे खरंच. पण न्याय झाला की पहिलं नाव आपलं येणार, याबद्दल तिला मनातून तिळभर शंका नव्हती, हेही तितकंच खरं. गोफचा गाभा तिनं लिहिला होता. एकटीनं. पोटात सात महिन्यांची मुलगी असताना.

आणि नसीम? नसीमचं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान होतं. गोफ घेणारं गावातलं पहिलं दुकान तिचं, म्हणून शेजारीपाजारी तिलाच विचारायला येऊ लागले, आणि हळूहळू गोफचा मदतीचा फोन तिच्या शिलाई मशीनशेजारी येऊन बसला. एवढंच.

घरी आल्यावर नवऱ्यानं, बसवराजनं, विचारलं, "कसा झाला निकाल?" त्याचं सायझिंगचं युनिट होतं; सुताला खळ देऊन देऊन त्याच्या हातांना कायमचा आंबूस वास असे.

"चांगला. मी दुसरी."

"मग पेढे आण की! तीनशेत दुसरी म्हणजे काय खाऊ आहे का?"

"पहिली नसीम."

"आपली नसीम? वा!" तो मनापासून हसला, आणि त्याचं ते हसणं सुनेत्राला झोंबलं. "बाई गुणाची आहे हां. मागं आपल्या मुकादमाचे अडकलेले पैसे तिनंच सोडवले होते. कंटाळा नाही, काही नाही."

"सोडवले म्हणजे काय? मी लिहिलेलं बटण दाबलं तिनं."

बसवराजनं तिच्याकडे नीट पाहिलं. "पैसे कमी पडले का तुला?"

"पैशाचं नाही रे."

"मग?"

मग काय, ते तिला सांगता येईना. पैशाचं असतं तर बरं झालं असतं. पैशाची आग विझते.

पुढचे काही आठवडे तिला जिकडे तिकडे नसीम दिसू लागली. नसीमला मालेगावच्या विणकरांनी भाषणाला बोलावलं. नसीमनं दुकानात एसी बसवला आणि फोन घ्यायला दोन बायका पगारावर ठेवल्या. त्या रस्त्यानं जाताना सुनेत्रा स्कूटरचा वेग उगाच कमी करायची. काचेआड त्या दोघी हसत काम करताना दिसायच्या आणि मध्ये नसीम, एका कानाला फोन, हातात जांभळी साडी. नसीमचा फोन आला की सुनेत्रा तो वाजू द्यायची. समितीच्या बैठकीत नसीम 'सर्व्हर'ला 'सरवर' म्हणाली, तेव्हा सुनेत्रानं सगळ्यांदेखत दुरुस्ती केली. नसीम "बरं, सर्व्हर" म्हणाली आणि पुढे बोलू लागली. तिला लागलंसुद्धा नाही. याचाही सुनेत्राला राग आला.

एका दुपारी तिनं नसीमच्या आठ वर्षांच्या नोंदी उघडल्या. एकेचाळीस हजार निरोप. त्यात 'बरं', 'मग काय झालं', 'परत एकदा करून बघा', 'रडू नका, पैसे कुठं जात न्हाईत'. एक विचार नाही, एक कल्पना नाही. सुनेत्रा वाचत राहिली. मत्सरानं माणूस किती मेहनती होतो! तीन दिवसांत तिनं नऊ हजार निरोप वाचले आणि तिला लबाडीचा एक धागाही सापडला नाही.

तेव्हा तिनं, करायला नको होतं ते केलं. वजावटीच्या आतल्या फेऱ्या कुणाच्या नावानं उघडून पाहायच्या नाहीत, असा संकेत होता. तो तिनंच घालून दिला होता. किल्ली फक्त तिच्याकडे होती. दार लावून ती बसली आणि तिनं 'नसीम वजा' हा संच उघडला.

पहिली फेरी: गोफ तिसऱ्या वर्षी बंद. दुसरी: तिसऱ्या वर्षी बंद. तिसरी कशीबशी पाचव्यापर्यंत. चौथी पुन्हा तिसऱ्या वर्षी. शंभर फेऱ्यांत एकाहत्तर वेळा गोफ २०३३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कोसळत होतं. सुनेत्रानं कारण मागवलं. यंत्रानं एकाच ओळीत दिलं.

'सुनेत्रा हुक्केरी प्रकल्प सोडते.'

तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग आतली नोंद उघडली. तिच्या प्रतिकृतीनं लिहिलेला निरोप तिथं होता: 'माझ्याच्यानं होत नाही. किल्ल्या सरांकडे देते. मला पुन्हा बोलावू नका.' असाच निरोप तिनं त्या नोव्हेंबरात खरोखर लिहिला होता. पाठवला मात्र नव्हता, आणि कुणाला दाखवलाही नव्हता. यंत्राला तो माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यानं तो तिच्या स्वभावावरून रचला होता.

त्या महिन्यात गोफवर दरोडा पडला होता. तिच्या लिखाणातल्या एका फटीतून कुणीतरी शिरलं आणि अकराशे चाळीस कामगारांचे आठवड्याचे पगार अकरा दिवस अडकून पडले. दिवाळी नुकतीच झालेली. माणसं तिच्या दारात येऊन बसली. बायका तोंडावर बोलल्या. कुणीतरी भिंतीवर कोळशानं 'चोर' लिहिलं. अकराव्या दिवशी तिनं चोरवाट शोधून बुजवली, पैसे परत आणले आणि गोफ वाचलं. ही गोष्ट ती आजवर अशीच सांगत आली होती: मी शोधलं, मी बुजवलं, मी वाचवलं.

नोंदीत त्या अकरा दिवसांतला नसीमचा हिस्सा होता एक फोन. सातव्या दिवशी, सकाळी दहा पाचला. सुनेत्राला केलेला. दोन तास पन्नास मिनिटं.

त्या फोनवर नसीम काय बोलली होती, ते सुनेत्राला आठवेना. पण आठवण्याआधीच तिच्या अंगात संताप चढला. म्हणजे मी राहिले, मी झुंजले, आणि माझं ते राहणं हिच्या नावावर जमा? शिव्या मी खाल्ल्या. भिंत मी धुतली. हिनं फोन केला! त्या सात पूर्णांक आठमधले निदान सहा टक्के म्हणजे नसीम नव्हतीच; ती सुनेत्राच होती, दुसरीच्या नावानं लावलेली.

आठवडाभरात तिनं समितीकडे नियमबदल मांडला. शब्द तोलून मापून लिहिले होते. 'कामात टिकणं किंवा सोडणं हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. त्याचं श्रेय दुसऱ्याला देणं म्हणजे माणसाच्या इच्छेचा अपमान आहे. सबब वजावटीत यापुढे सर्वांची हजेरी स्थिर धरावी. एखाद्याला वजा केल्यावर बाकी सगळे जागच्या जागी राहतात असं मानून, फक्त त्याच्या हातच्या कामाचा फरक मोजावा.' आपण कुठल्या फेऱ्या उघडल्या, त्यांत काय पाहिलं, याबद्दल तिनं अक्षर लिहिलं नाही.

मे महिन्यातल्या सभेत वाद रंगला. मालेगावचा एकजण म्हणाला, "माणूस माणसामुळेच टिकतो, मॅडम." सोलापूरचे दुसरे म्हणाले, "मग माझ्या बायकोलाही वाटा द्या, मी तिच्यामुळे टिकलोय." हशा पिकला. मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे दिसत होती. तेवढ्यात नसीमनं हात वर केला.

"सुनेत्राताईचं बरोबर हाय," ती म्हणाली. "माणूस ऱ्हातो ते आपल्या हिमतीनं ऱ्हातो. दुसऱ्याची हिंमत माझ्या नावावर नको. मला झोप लागत न्हाई त्या पैशानं."

सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की मार्चमधला त्यापुढे काहीच नव्हता. ठराव मोठ्या बहुमतानं मंजूर झाला. सुनेत्रा जिंकली होती. आणि टाळ्या अजून वाजत होत्या, नसीमसाठी. हरतानासुद्धा ही बाई माझ्यापेक्षा मोठी होते, असं सुनेत्राच्या मनात आलं, आणि जिंकल्याचा घास तोंडातच कडू झाला.

जूनअखेरीची यादी नव्या नियमानं लागली. पहिली सुनेत्रा, अकरा पूर्णांक चार टक्के. नसीम शंभराच्याही खाली घसरली; शून्य पूर्णांक दोन. सुनेत्रानं त्या पानाचं चित्र फोनमध्ये जपून ठेवलं. दोन दिवस रोज काढून पाहिलं. तिसऱ्या दिवशी पाहावंसं वाटलं नाही.

नसीमनं तक्रार केली नाही. तिनं पगारी बायकांना दुसरीकडे काम बघून दिलं आणि फोनची वेळ दुपारी दोन ते चार केली. बाकी वेळ फॉल-पिको. तिचंही पोट होतं.

पुढचं हळूहळू झालं, त्यामुळे कुणाच्या चटकन लक्षात आलं नाही. गोफच्या सामाईक गटात पूर्वी दिवसभर किलबिल असायची. नव्यानं आलेल्याला कुणी हाताला धरून शिकवायचं, अडलेल्याला कुणी तोडगा सुचवायचं, कुणाची आई आजारी असली तर दुसरा त्याचं काम उरकून टाकायचा. आता जो तो हातचं काम पाहू लागला. मोजलं जाणारं तेवढंच. प्रश्न पडून राहू लागले. जुलैत सात जण सोडून गेले, ऑगस्टात एकोणीस. आणि वजावट? वजावट गोफची प्रकृती ठणठणीत दाखवत होतं. सगळे जागच्या जागी आहेत, असं मानूनच चालायचं, असं त्याला शिकवलं होतं ना! माणसं उठून चालली होती आणि ती न दिसण्याची सोय सुनेत्रानं स्वतःच्या हातानं केली होती.

ऑगस्टच्या शेवटी कुडाळच्या निनाद परुळेकरचा निरोप आला. गोफची कुलपं तो सांभाळायचा. त्या दरोड्यानंतर सगळे पहारे त्यानं नव्यानं उभे केले होते. ते काम त्याच्याशिवाय फक्त सुनेत्राला कळत होतं. 'महिनाअखेरीला थांबतोय. सगळ्यांना शुभेच्छा.' त्याखाली दिवसभर कुणी काही लिहिलं नाही. अशा वेळी कुणीतरी लिहायचं असतं, आणि आजवर ते कोण लिहायचं, हे सुनेत्राला संध्याकाळी उमगलं.

तिनं निनादला फोन लावला. पहाऱ्यात कुठं कुठं त्रुटी राहतील, हे तिनं मुद्देसूद सांगितलं. कामगारांच्या पगारांची जबाबदारी सांगितली. वाटा वाढवून घेण्याचा मार्गही सांगितला. निनादनं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, रागावू नका," तो म्हणाला. "माझे बाबा जूनमध्ये गेले. मी चार दिवस गटात नव्हतो. परत आलो तर माझ्या नावावर अकरा कामं तुंबलेली होती. बस, एवढंच. तुम्हाला माझं काम हवंय. मी असलो काय, नसलो काय."

"मला माहीत नव्हतं रे."

"तेच तर."

फोन ठेवल्यावर, न बोलावता, तो सहा वर्षांपूर्वीचा फोन तिला आठवला. नसीम त्या दिवशी काही बोललीच नव्हती. बोलत होती ती सुनेत्रा. लेकीला मांडीवर घेऊन, तीन तास. त्या निरोपाबद्दल, भिंतीबद्दल, सासूच्या टोमण्यांबद्दल, आपण मूर्ख आहोत आणि हे आपण करायलाच नको होतं, याबद्दल. पलीकडून शिलाई मशीनचा आवाज बंद झाला होता, तो परत सुरू झाला नव्हता. शेवटी सुनेत्रा म्हणाली होती, "थांब, मला एक जागा तपासून बघू दे." चोरवाट त्यानंतर चार दिवसांनी सापडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नसीमच्या दुकानात गेली. एसी बंद होता. नसीम एकटीच पिवळ्या साडीला फॉल लावत होती.

"ये की. बस," नसीम म्हणाली. "पाणी देऊ?"

सुनेत्रा बसली आणि एका दमात सगळं बोलली. किल्लीचं, उघडलेल्या फेऱ्यांचं, एकाहत्तर वेळांचं, त्या निरोपाचं. "तो नियम मी न्यायासाठी आणला नव्हता. तू पहिली आलेली मला बघवत नव्हतं. आणि तू मला साथ दिलीस, तेव्हा मी गप्प बसले."

नसीमचा हात थांबला. सुनेत्राला वाटलं, ही आता 'आसू दे' म्हणेल, आणि आपण सुटू. नसीम तसं काही म्हणाली नाही.

"म्हणजे मला फसवून माझ्याच तोंडून वदवून घेतलीस," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "दोन बायकांचं काम गेलं, त्यातली एक तर..." ती थांबली. "तू मला नसीम म्हणतीस, मी तुला ताई म्हणतो. कुणी ठरवलं हे? मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी हाय. तुला लिहायला येतं म्हणून तू ताई. आठ वर्षं तुझा फोटो पेपरात बघितलो. मी जळलो नसंन का? पर मी तुझं काय काढून घेटलो न्हाई, सुनेत्रा."

ताई गळून पडलं होतं. सुनेत्रानं मान खाली घातली.

"माझ्याकडं कशाला सांगतीस? दार लावून केलंस ना? आता दार उघडून सांग," नसीम म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

सप्टेंबरात तातडीची सभा बोलावली गेली. सुनेत्रानं फेऱ्यांची नोंद मोठ्या पडद्यावर लावली आणि 'सुनेत्रा हुक्केरी प्रकल्प सोडते' ही ओळ स्वतः वाचली. मग संकेत मोडून आपण काय केलं आणि का केलं, तेही सांगितलं. 'मत्सर' हा शब्द उच्चारताना तिची जीभ अडखळली, पण तिनं तो गाळला नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी "शरम वाटत नाही का?" असं ओरडलं. चौगुले सरांनी त्याला गप्प केलं नाही.

सभा पाच तास चालली. काहींनी आग्रह धरला की आमच्याही फेऱ्या उघडा, कोण कुणामुळे टिकलं ते कळू दे. तेव्हा चौगुले सर म्हणाले, "कळून काय करणार? ज्याच्यामुळे टिकलात त्याला आयुष्यभर तोंड कसं दाखवणार? हुक्केरीबाईंकडे बघा एकदा." ते सगळ्यांना पटलं. जुना नियम परत आला. फेऱ्यांना कायमचं कुलूप लागलं आणि त्याच्या किल्लीचे पाच तुकडे पाच गावांत गेले. सुनेत्राकडे एकही नाही. वर्षभर तिला मोबदला मिळणार नाही असं ठरलं, आणि आठवड्यातून एक दिवस तिनं मदतीच्या फोनवर बसावं, असं. शेवटची सूचना नसीमची होती.

निनाद परत आला नाही. नसीमनं त्याला फोन केला. ते दोघं काय बोलले कोण जाणे, पण आपल्या जागी येणाऱ्या माणसाला दोन महिने शिकवायला तो तयार झाला. पगारी बायकांपैकी एक दुकानात परतली. दुसरीला भिवंडीत काम लागलं होतं. ती गेली ती गेलीच.

डिसेंबरची यादी लागली तेव्हा सुनेत्रा सभागृहातच होती. पहिली नसीम, आठ पूर्णांक दोन. तिच्या छातीत जुनी कळ उठलीच. तिला वाटलं होतं, एवढं सगळं झाल्यावर ती उठणार नाही. तिनं टाळ्या वाजवल्या आणि कळ विरेपर्यंत वाजवत राहिली. जरा जास्तच वेळ वाजवल्या.

गुरुवारी ती नसीमच्या दुकानात मदतीच्या फोनवर बसली. तिला ते काम नीट जमत नव्हतं. माणूस अडचण सांगू लागला की दुसऱ्या वाक्याला तिला दोष कळायचा आणि तिसऱ्याला ती तोडून उत्तर द्यायची. त्या दिवशी माधवनगरहून एका म्हाताऱ्या विणकराचा फोन आला. पैसे दुसऱ्याच खात्यात गेले होते. सुनेत्रानं अर्ध्या मिनिटात चूक शोधली, दुरुस्त केली आणि सांगितलं, "झालं बाबा. पैसे संध्याकाळपर्यंत येतील."

म्हाताऱ्यानं फोन ठेवला नाही. मग म्हातारा म्हणाला, "ते झालं हो. पर तुमच्याजवळ त्या दुसऱ्या बाई असतात ना... त्यास्नी द्या की जरा."

"काय काम होतं? मला सांगा, मी करते."

"काम काय न्हाई," म्हातारा घुटमळला. "त्यास्नीच द्या."

सुनेत्राच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. टेबलापलीकडे नसीम दाताखाली दोरा धरून तिच्याकडेच पाहत होती. एक क्षण सुनेत्राला वाटलं, सांगावं, बाई जेवायला गेल्यात.

मग तिनं हात लांब करून फोन नसीमला दिला, आणि खुर्ची जवळ ओढून ऐकत बसली.